न्हाणीघराच्या तीन हिरव्या भिंती

वन्सं,

नैरोबीहून शरूचं पत्र आलं. तिनं लिहिलंय, "आजी, अक्काआजीबद्दल काहीतरी लिहून पाठव. पण ती किती सोशिक होती आणि किती देवभक्त होती ते नको, ते बाबांनी सांगितलं." पोरीचं बरोबर आहे. सोशिक हा शब्द तुमच्यासमोर कुणी उच्चारला असता, तर तुम्ही आधी मागे वळून पाहिलं असतंत, कोण आलंय म्हणून.

तेव्हा मी तुमच्याशीच बोलते आणि मुलांना ऐकू देते. ह्यांनी, म्हणजे तुमच्या भावानं, सुचवलं की सुरुवात तुमच्या जन्मापासून करावी. जन्मभर हेडमास्तरकी केलेली. त्यांना सगळं पहिल्या धड्यापासून लागतं. मी न्हाणीघरापासून सुरुवात करते. आपलं शेवटचं भांडण त्यावरून झालं, ते अजून मिटलेलं नाही, आणि तेरावा होऊन गेला तरी मला त्यातले मुद्दे सुचताहेत.

मुलांना हे केडगावचं घर माहीत नाही. ती आफ्रिकेला गेली तेव्हा आपण नगरच्या पेठेत भाड्यानं राहत होतो आणि न्हाणी म्हणजे जिन्याखालचा एक कोपरा होता. चार बिऱ्हाडांना मिळून तेवढाच. दार नाही, गोणपाटाचा पडदा. तो वाऱ्यानं उडायचा, म्हणून एका हातानं पडदा धरायचा आणि दुसऱ्या हातात तांब्या. मुलांनो, तुमची अक्काआजी न कळत्या वयात विधवा झाली आणि तेव्हाच तिचं केशवपन झालं. अशा बाईचं तोंड सकाळी उठल्याउठल्या दिसू नये, असं मानणारी माणसं बिऱ्हाडांत होती. म्हणून, वन्सं, तुम्ही सगळ्यांच्या आधी, उजाडायच्या आत आंघोळ उरकत होतात. तेवढा दंडक पाळायचात, आणि पडद्याबाहेर कुणी घाईनं खोकलं तर आतून सांगायचात, "दम धर रे, तुझी कचेरी काही पळून जात नाही."

हे निवृत्त झाले आणि पुण्याच्या रस्त्याला, ह्या माळावर, घर बांधायला घेतलं. लढाईचे दिवस. सिमेंटला परवाना, लोखंडाला परवाना. घर तीन खोल्यांवर येऊन थांबलं. मी कपाटं मागितली होती, ह्यांनी पुस्तकांसाठी खोली मागितली होती, दोन्ही राहिलं. तुमची एकच अट होती, "न्हाणीला दार हवं, आणि आतून कडी हवी." वास्तुशांतीच्या दिवशी तुम्ही देवघर पाहायच्या आधी ती कडी पाहिलीत. लावलीत, काढलीत, पुन्हा लावलीत आणि आतच राहिलात. होमाशी बसलेले गुरुजी खोळंबले. ह्यांनी दार वाजवलं तेव्हा आतून आवाज आला, "नाना, मी आंघोळ करत नाहीये. नुसती बसलेय. तुम्ही करा सुरू."

भिंती मात्र उघड्याच होत्या, नुसता गिलावा. लढाई संपली, बाजारात थोडंफार दिसू लागलं, तेव्हा मी म्हटलं, आता न्हाणीघराला रंग देऊ. पांढरा, तेलाचा. कॅम्पातल्या एका डॉक्टरीणबाईंच्या बंगल्यात मी तसं न्हाणीघर पाहिलं होतं. ओल्या फडक्यानं पुसलं की लख्ख. ह्यात बोलण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नव्हतं.

तुम्ही तांदूळ निवडत होतात. मान वर न करता म्हणालात, "हिरवा."

"हिरवा कशाला?"

"डोळ्यांना गार."

"वन्सं, न्हाणीघर पांढरं असावं. घाण झाली तर दिसते."

"घाण दिसावी म्हणून रंग द्यायचा?"

"दिसली तर धुता येते."

"आणि नाही दिसली तर धुवावी लागत नाही. शिवाय तिथं शेवाळ येणार. ते हिरवंच येतं. भिंत आधीच हिरवी असली की कुणाच्या डोळ्यांवर यायचं नाही."

मी आरोग्यशास्त्राचं इंग्रजी पुस्तक काढलं आणि त्यातला उतारा मराठी करून वाचून दाखवला. हवा, उजेड, स्वच्छता, सगळं. तुम्ही खडे बाजूला टाकत शेवटपर्यंत ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "साहेबाचं पुस्तक आहे, वहिनी. साहेब गोरा, त्याला गोरी भिंत शोभते. त्या पांढऱ्यात तू नि मी उभ्या राहिलो, तर डाग आपणच दिसू."

हे वर्तमानपत्राच्या आड गेले. कागद हलत होता, त्यावरून ते हसताहेत हे कळलं.

त्यानंतर घरात दोन पक्ष झाले आणि ह्यांनी मध्यस्थी करायचं मनावर घेतलं. मध्यस्थाला आधी कारण शोधावं लागतं. ह्यांनी तर्क लढवला की तुमचं सासर राजूरचं, अकोले तालुक्याच्या डोंगरातलं. तिथली हिरवाई लहानपणी तुमच्या मनात भरली असणार. हे त्यांनी जेवताना फार हळुवारपणे बोलून दाखवलं. तुम्ही भात वाढता वाढता थांबलात. "राजूरला मी होते सात महिने. सासूनं चुलीपुढून उठू दिलं नाही. डोंगर बघितलाय कुणी?" आणि भात वाढलात, नेहमीपेक्षा थोडा कमी.

मला कारण ठाऊक होतं. निदान मला तसं वाटत होतं. आपल्या लेकीच्या, कुसुमच्या लग्नात ओटीवर कासार बसला होता, बायकांना बांगड्या भरत होता. मुलांनो, लग्नात हिरवा चुडा भरतात. विधवेनं तो भरायचा नाहीच, पण भरताना समोर बसायचंही नाही अशी रीत होती. वन्सं, तुम्ही स्वयंपाकघरात होतात, मध्ये भिंत. कुसुम आणि मी दोन हिरव्यांत अडकलो होतो. कासार म्हणत होता हा घ्या, जाऊबाई म्हणत होत्या तो घ्या. तेवढ्यात आतून, कढईतल्या बुंदीच्या आवाजावर, तुमचा आवाज आला, "गर्द नको गं. पोपटी घे. मनगट सावळं आहे तिचं, गर्द मरून जाईल त्यावर." कासारानं पोपटी हातात घेतला, कुसुमच्या मनगटाशी धरला आणि आत बघून म्हणाला, "आक्का, बाहेर या की, दुकान तुम्हीच चालवा." तुम्ही म्हणालात, "बुंदी करपेल."

ते मला आठवत होतं. तरी पण, वन्सं, न्हाणीघर पांढरंच असावं. आठवणीनं आरोग्यशास्त्र बदलत नाही.

ह्यांचा तोडगा टांग्यातून आला. लढाईनंतर लष्कराचं उरलंसुरलं सामान लिलावात निघत होतं. तंबू, बूट, पत्र्याच्या पेट्या. हे एक डबा मांडीवर घेऊन उतरले, आणि चेहऱ्यावर शाळेचा निकाल शंभर टक्के लागल्यासारखा आनंद. "तेलाचा आहे," माझ्याकडे बघून म्हणाले. "आणि हिरवा आहे," तुमच्याकडे बघून. मग पेचकसानं झाकण उचकटलं.

आपण दोघी वाकून बघत राहिलो. तो रणगाड्याचा रंग होता. परवाची शेपूची भाजी तव्यावर राहून गेली तर जशी दिसेल, तसा. 

तुम्ही म्हणालात, "नाना, ह्यात आंघोळ करायची तर डोक्याला पत्र्याचं टोपडं लागेल." मी म्हटलं, "आणि आधी बिगूल वाजवावा लागेल." न्हाणीघराच्या बाबतीत आपलं एकमत झालं ते तेवढंच. ह्यांनी तो डबा निमूटपणे फाटकाला वापरला. पुढे एकदा रस्त्यानं जाणारी लष्कराची लॉरी फाटकाशी थांबली आणि डेपो इथंच का म्हणून ड्रायव्हरनं चौकशी केली. ह्यांनी त्याला आत बोलावून चहा दिला. तेवढाच त्या रंगाचा उपयोग.

मग धोंडीबा आला. केडगावातला रंगारी, चुन्यात रंग कालवून भिंती रंगवायचा. त्याची रीत अशी की समोर जो उभा असेल त्याचं खरं. तुम्हाला म्हणाला, "व्हय आक्का, हिरवा म्हंजे लई गार." मी बाहेर आले तर मला म्हणाला, "बाईसाहेब, पांढऱ्याची सर कशालाच न्हाई."

"अरे, मग दोन्ही कसं बरोबर?"

"दोन्ही बराबरच हाय की. भिंती चार हायेत."

ह्यांना हे फार आवडलं. तुम्ही लगेच वाटणी केलीत, "तीन माझ्या, एक तुझी. मी वयानं मोठी, आणि आंघोळीलाही तुझ्याआधी जाते." मी खिडकीची भिंत घेतली. तिच्यावर उजेड बरा होता. माझी अट होती की माझ्या भिंतीला तेलाचाच पांढरा लागेल, चुना नको, अंगाला लागतो. तो नगरात कुठे मिळत नव्हता. दुकानदार पुढच्या महिन्यात म्हणत राहिला आणि माझी भिंत उघडीच राहिली. तुम्ही तिला "वहिनीचं आरोग्यशास्त्र" म्हणायचात.

धोंडीबानं तुमच्या भिंतींना आधी काव सुचवली होती. "काव द्या आक्का. तांबडी, सोसंल, डाग दिसायचा न्हाई." तुम्ही आपल्या आलवणाकडे पाहिलंत. मुलांनो, आलवण म्हणजे तसल्या तांबड्या रंगाचं जाडंभरडं लुगडं. अक्काआजी जन्मभर तेच नेसली. "ती नको," तुम्ही म्हणालात. "ती मी अंगावर घेऊन हिंडते." धोंडीबा गप्प झाला, मीही. आम्ही गप्प झालेलं तुम्हाला मुळीच आवडलं नाही. "भिंत कुठली आणि मी कुठली हे कळायला नको? नाहीतर वहिनी भिंत समजून माझीच पाठ घासायला घ्यायची."

चुन्यात हिरवा मिळत नाही. पिवडीच्या पिवळ्या मातीत नीळ कालवून तो करावा लागतो. धोंडीबा मापानं कालवायला लागला आणि तुम्ही त्याच्या हातातून काठी काढून घेतलीत. तुमच्या हाताची आमटी जिनं खाल्ली आहे तिला पुढचं सांगायला नको. अंगणात पिंप मांडलं, पदर खोचला. "पिवडी घाल. आणखी. आता नीळ, चिमूटभर. चिमूटभर म्हटलं ना, तुझ्या चिमटीत वाटी मावते." ढवळलंत, काठीवरून धार सोडून बघितलीत, आणि साठ वर्षांच्या सवयीनं बोट बुडवून जिभेला लावलंत.

मी तूप आणायला धावले. तुमचं तोंड पोळलं होतं, डोळ्यांत पाणी होतं, पण धोंडीबा बघत होता. तुम्ही तोंड मिटून क्षणभर विचार केलात आणि म्हणालात, "मीठ कमी आहे."

धोंडीबानं मूठभर मीठ टाकलं. समोर जो उभा असेल त्याचं खरं.

भिंती रंगल्या आणि त्या दिवशी, मला कबूल करायला हवं, सुंदर दिसल्या. कोवळ्या हरभऱ्यासारख्या. तुम्ही दारात उभ्या राहून बघत होतात. धोंडीबानं जाताना बजावलं, "चार दिस पानी लावू न्हका. वाळला की मंग खरा रंग कळंल. वल्ला येगळा, वाळल्यावर येगळा."

"चार दिवस?" तुम्ही म्हणालात. "चार दिवस मी पारोशी राहू? देवाला काय सांगू, भिंत वाळतेय?"

स्वयंपाकघरात मोरी होती, पण ती खरकट्याची. तिथं आंघोळ करून सोवळं होत नाही हा तुमचा कायदा. विहिरीवर हे आंघोळ करत, ती जागा उघडी. मी म्हटलं, चार दिवसांचाच प्रश्न आहे. तुम्ही म्हणालात, "तीस वर्षं पडदा धरून काढली. आता कडी आहे, तर चार दिवस थांबू?" दुसऱ्या दिवशी पहाटे कडी वाजली आणि बंबातल्या पाण्याची वाफ तिन्ही भिंतींवर बसली. तुमच्यामागून मी जायचे. दुपारी तुमचं सोवळं मोडलं तर पुन्हा तुम्ही. भिंती कधी वाळल्याच नाहीत. आपण दोघी त्या रंगावरून दोन वर्षं भांडलो आणि खरा रंग आपण पाहिलेलाच नव्हता. तुम्ही म्हणायचात पोपटी आहे. मी म्हणायचे, ओला आहे म्हणून तसा दिसतो. हे म्हणायचे, एकदा वाळू तर द्या. आणि आपण दोघी त्यांच्याकडे अशा बघायचो, की ह्यांनी जणू देव विकायला काढले.

न वाळलेला चुना अंगाला लागतो, ही माझी भीती खरी ठरली. देवळात पुराणाला बसलो होतो. तुम्ही पोथीला हात जोडलेत आणि आलवणातून कोपर बाहेर आलं. त्याच्यावर तळहाताएवढा हिरवा ठसा. शेजारच्या काकूंनी पाहिलं. त्यांनी आवाज खाली आणला, म्हणजे चार ओळींपर्यंत ऐकू गेलं, "अक्का, हे हिरवं काय हो? ह्या वयात?"

तुम्ही कोपराकडे पाहिलंत. "शेवाळ," म्हणालात. "फार दिवस एका जागी बसलं की धरतं. तुमच्याही येईल."

पुराणिकबुवांनी ऐकलं असावं, कारण त्यांचा एक श्लोक चुकला.

घरी आल्यावर मी म्हटलं, भिंती खरवडून टाकू, मला तेलाचा रंग मिळेल तेव्हा मिळेल. तुम्ही म्हणालात, बघू. कावळ्याचा पंख लागला तर पुन्हा आंघोळ करणाऱ्या तुम्ही. पण त्या ठशाबद्दल माझ्याकडे कधी तक्रार केली नाहीत. एका दुपारी तुम्ही ओसरीवर वाती वळत बसला होतात. कोपराला रंग होता. पदर हातात घेऊन पुसायला गेलात, आणि हात तसाच परत आला. मग पुन्हा वाती वळू लागलात. मी दारात होते. मी आत निघून गेले आणि डाळ निवडलेली असूनही पुन्हा निवडायला बसले.

हिरवाच का, हे मी तुम्हाला त्यानंतर कधी विचारलं नाही. मुलांनीही पत्रातून विचारू नये.

मग ह्या थंडीत तुम्हाला ताप आला आणि उतरेना. डॉक्टर म्हणाले, पडून राहायचं, आंघोळ नाही. त्यांच्या मागे तुम्ही त्यांना जे म्हणालात ते नैरोबीला पाठवण्यासारखं नाही. तुम्हाला एकटं सोडून मागच्या न्हाणीत जावंसं मला वाटेना, म्हणून मी स्वयंपाकघरातल्या मोरीत, चादर आडवी बांधून, दोन तांबे अंगावर घेत होते. तुम्हाला सांगितलं नव्हतं.

एका दुपारी तुम्ही डोळे मिटूनच म्हणालात, "वहिनी, तू खरकट्या मोरीत आंघोळ करतेस."

"कुणी सांगितलं?"

"कडी वाजत नाही न्हाणीची." तुम्ही कूस बदललीत. "म्हणजे भिंती वाळल्या असतील."

"असतील."

"बघून ये. कशा दिसतात सांग."

मी गेले. दार उघडलं. वन्सं, त्या पांढऱ्या झाल्या होत्या. अगदी पांढऱ्या नाहीत. ताकावरच्या निवळीत असते तेवढी हिरवट छटा, तीही शोधली तर. दोन वर्षं मी जे म्हणत होते ते तंतोतंत खरं निघालं होतं. तुमच्या तिन्ही भिंती आपणहून माझ्या पक्षात आल्या होत्या. मी तिथं उभी राहिले आणि मला त्यांचा राग आला. मी भिंतींना म्हटलं, दोन वर्षं त्या बाईनं तुम्हाला वाफ दिली, तुमच्यासाठी जीभ पोळून घेतली, आणि ती चार दिवस आली नाही तर लगेच फितूर.

परत आले. म्हटलं, "हिरव्या आहेत. चांगल्या पोपटी."

तुम्ही डोळे उघडलेत. "इंग्रजी शाळेत खोटं बोलायला शिकवत नाहीत वाटतं."

"खोटं कशाला बोलू?"

"पायाकडे बघून बोलतेस. पांढऱ्या झाल्या ना?"

"पांढऱ्या नाहीत. निवळीसारख्या."

"म्हणजे पांढऱ्या."

मी तुमचं पांघरूण सारखं केलं. मला वाटलं, तुमचा डोळा लागला. मग तुम्ही म्हणालात, "वाळू देऊ नकोस त्यांना. उद्यापासून तिथंच आंघोळ कर. आणि खरकट्या मोरीतून येऊन मला हात लावू नकोस."

"आणि माझी भिंत?"

"तिलाही हिरवा दे."

"पांढराच देणार."

"दे. तरी मी हिरवाच म्हणणार." तुम्हाला हसू आलं आणि हसण्याचा खोकला झाला. मी पाठ चोळत बसले.

दुसऱ्या दिवशी मी न्हाणीत गेले. कडी मुद्दाम जोरात लावली, तुम्हाला खाटेवर ऐकू जावी म्हणून. अंगावर घ्यायच्या आधी तिन्ही भिंतींवर पाणी ओतलं. रंग वर आला, खालून, हळूहळू, जसा आपण पाहत होतो तसाच. ओल्या केसांनी येऊन तुम्हाला सांगितलं, "हिरव्या आहेत." ह्या वेळी मला पायाकडे बघावं लागलं नाही. तुम्ही म्हणालात, "मग? मी काय सांगत होते?" त्याच आठवड्यात तुम्ही गेलात.

परवा नगरहून निरोप आला, पांढऱ्या तेलरंगाचा डबा आला आहे, घेऊन जा. ह्यांनी विचारलं, आता चारही भिंती सारख्या करून टाकायच्या का? हिरव्या, असं त्यांच्या मनात होतं. अलीकडे ते तुमच्याबद्दल बोलताना चष्मा पुसतात. मी म्हटलं, "माझी भिंत पांढरीच होणार. अक्का गेल्या म्हणून माझं मत बदललेलं नाही." ह्यांना ते कठोर वाटलं. तुम्हाला वाटलं नसतं. हिरवी केली असती तर तुम्हीच म्हणाला असतात, जिवंतपणी कानात बोळे होते का?

धोंडीबा सोमवारी यायचा आहे. त्याला विचारलं, पांढरा बरा दिसेल ना? तो म्हणाला, "लई ब्येस." मग अंगणात तुमची बसायची जागा होती तिकडे बघून म्हणाला, "हिरवाबी ब्येसच दिसला असता." तिकडे समोर कुणीच उभं नव्हतं.

काल सकाळी तिन्ही भिंतींवर पाणी मारताना मला एक मुद्दा सुचला. तेलाचा पांढरा ओला असो की कोरडा, तसाच्या तसा दिसतो. त्याला रोज उठून पाणी पाजावं लागत नाही. दोन वर्षांपूर्वी सुचायला हवा होता. बिनतोड मुद्दा आहे. मी तो मोठ्यानं म्हणून पाहिला. बाहेरून ह्यांनी विचारलं, "पडलीस का?" म्हटलं, "नाही, बोलतेय."

मग थांबले. कारण तुम्ही गप्प बसला नसतात. काहीतरी म्हणाला असतात, एकच वाक्य, आणि मला पुन्हा पुस्तक काढावं लागलं असतं. ते वाक्य कोणतं, हे मी कालपासून शोधते आहे. कपडे वाळत घालताना शोधलं, तांदूळ निवडताना शोधलं. ह्यांना मुद्दा सांगितला आणि विचारलं, अक्का ह्यावर काय म्हणाल्या असत्या? ह्यांनी विचार करून एक उत्तर सांगितलं. मग स्वतःच म्हणाले, "नाही, ह्याहून चांगलं म्हणाली असती."

अजून सापडलेलं नाही, वन्सं.